खुळखुळा: खेळणं आधी की झुडूप?

पिवळ्या फुलांच्या ज्या रानझुडपाला आपण 'खुळखुळा' म्हणतो, त्याला खेळण्यावरून नाव पडलं की खेळण्याला झुडपावरून, असा प्रश्न आला आहे. आणि त्याचं दुसरं नाव 'घागरी', ते शेंगेच्या घाटावरून का?

दोघांचंही नाव आवाजावरून पडलं आहे. वाळलेली शेंग कानाशी धरून हलवा. फुगीर, आत बरीचशी पोकळ. बिया देठापासून सुटलेल्या असतात आणि कडक टरफलावर आपटतात. हिरवी शेंग मुकी असते, कारण बिया अजून चिकटलेल्या असतात.

मग खळखळ न म्हणता खुळखुळच का? इथे मराठीच्या कानाचं मला फार कौतुक वाटतं. खळखळ उघड्या ओढ्याची. 'अ'च्या जागी 'उ' आला की आवाज लहान होतो, कशात तरी कोंडल्यासारखा होतो. आभाळात गडगड, पोटात गुडगुड. दारावर खटखट, माळ्यावर उंदराची खुटखुट. तशी बंद शेंगेतली खुळखुळ. 'गाडीचा पार खुळखुळा झाला' म्हणतो तेव्हाही आतलं काहीतरी सुटून वाजतंय, हेच सांगायचं असतं.

'घागरी'चा पाण्याच्या घागरीशी संबंध नाही. 'घागरीचा' हे रूप दोन्ही शब्दांचं सारखंच होतं, म्हणून घोटाळा होतो. घागर आली संस्कृत 'गर्गरी'वरून. घागरी म्हणजे घुंगरू, ती 'घर्घरी'वरून. बैलाच्या गळ्यातली घागरमाळ आठवा. संस्कृतातही या वनस्पतीला 'घण्टारवा' म्हणतात, तमिळमध्ये 'किलुकिलुप्पै'. जो तो आपापल्या कानाने तेच ऐकतो.

शास्त्रीय नावही तिथेच पोचतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये 'क्रोटलेरिया' हे नाव वापरलं, ते ग्रीक 'क्रोतालोन'वरून, म्हणजे हातात धरून वाजवायच्या चिपळ्यांसारख्या वाद्यावरून. शेपटी वाजवणाऱ्या रॅटलस्नेकचं 'क्रोटॅलस' हे नावही त्याच मुळातलं. आपला ताग (गोणपाटाचा ज्यूट नव्हे) याच क्रोटलेरियातला आहे. म्हणूनच 'शणपुष्पी' हे आणखी एक संस्कृत नाव, शण म्हणजे ताग.

शेंग लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका. यातल्या बऱ्याच जातींच्या बिया यकृताला घातक असतात, आणि खुळखुळा हाती आला की मूल तो आधी तोंडात घालतं.