आरशासारखी चकाकी, तरी ओरखडे

प्रश्न : मऊ पोलादाचा नमुना पॉलिश करून छान चकाकतो. पण नायटल (अल्कोहोलमधले सौम्य नायट्रिक आम्ल) लावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमांऐवजी (धातूच्या कणांमधल्या रेषांऐवजी) ओरखडेच उठून दिसतात. असे का?

उत्तर : हे ओरखडे जुनेच आहेत. खरखरीत पॉलिश पेपरने विस्कटलेला धातूचा थर पॉलिशखाली दडून राहतो आणि आम्लाने तो उघडा पडतो. त्यामुळे दुरुस्ती घासण्यातच करायला हवी. 180, 320, 600, 1200 या क्रमांकांच्या पेपरवर (आकडा मोठा तितका पेपर बारीक) याच क्रमाने पाण्याखाली घासा. दर पेपरला नमुना 90 अंशांत फिरवा. आधीच्या रेघा पुसल्या गेल्या की लगेच थांबू नका, तेवढाच वेळ आणखी घासा. पेपर बदलताना नमुना आणि हातही धुवा; खरखरीत पेपरचा एक कण पॉलिशच्या मखमली कापडावर गेला तर सगळी मेहनत वाया जाते. मग 3 आणि शेवटी 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट.

नायटलसाठी 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली संहत नायट्रिक आम्ल हळूहळू घाला, उलटे कधीही नाही. चष्मा, हातमोजे हवेतच. 5 ते 10 सेकंदांत चकाकीवर फिकट धुरकट छटा येते. त्याच क्षणी धुवा, अल्कोहोल ओता, गरम हवेने वाळवा. पर्लाइट (पोलादातला लोह आणि लोह-कार्बाइडच्या पातळ थरांचा भाग) नुसता काळा डाग दिसला, तर आम्ल जास्त वेळ राहिले असण्याची शक्यता मोठी. पुन्हा 1 मायक्रॉनवर थोडे पॉलिश करून कमी वेळ लावा.