‘मी त्याला आवडले नाही’

साडेपाच वर्षांची मुलगी उजवी तर्जनी मुठीत लपवून आईच्या मागे उभी होती. बोटावरची जखम केव्हाच भरली होती. वाढदिवसाला आणलेला हॅमस्टर तिसऱ्याच दिवशी तिला चावला आणि बाबांनी तो लगेच ओळखीच्या घरी देऊन टाकला. तेव्हापासून ती प्राण्यांना घाबरते आणि तरीही रोज विचारते, ‘‘दुसरा कधी आणायचा?’’

आईचा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. ‘‘लहान मुलीला लहानच प्राणी बरा ना? मग चुकलं कुठे?’’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो केव्हा चावला, असं मी विचारलं. दुपारी, शाळेतून आल्या आल्या हिने त्याला उचललं तेव्हा. हॅमस्टर निशाचर. दिवसा तो गाढ झोपतो आणि झोपेतून अचानक उचललं की घाबरून चावतो. आईला हे ठाऊक नव्हतं. पण खरी गाठ वेगळीच होती. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मी त्याला आवडले नाही.’’

माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथे होतं. मी विचारलं, ‘‘तू झोपलेली असताना कुणी एकदम हवेत उचललं तर?’’ ‘‘मी ओरडेन!’’ ‘‘त्याला आपल्यासारखं ओरडून सांगता येत नाही गं.’’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग मूठ उघडून तिने मला बोट दाखवलं.

‘‘प्राण्याबरोबर तुला काय करायचंय?’’ हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारते. नुसतं बघत बसायला आवडणाऱ्या मुलाला मासे उत्तम, मात्र काचेच्या छोट्या भांड्यात नव्हे. फिल्टर लावलेली टाकी मासे आणण्याआधी काही आठवडे चालू ठेवावी लागते. हिला मात्र मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची होती. आईच्या मनात ससा होता. पण बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही आणि हातात जोरात लाथा झाडताना त्यांच्याच मणक्याला इजा होऊ शकते. कासवाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी ते नकोच. हिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा.

मी गिनीपिग सुचवला. तो दिवसाही बराच जागा असतो, सहसा चावत नाही. पण एकटा राहिला की खंगतो, म्हणून दोन हवेत, दोन्ही माद्या असल्या तर बरं. माणसासारखंच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीसारखं काही ताजं रोज द्यावं लागतं. वाळलेलं गवत तर सतत समोर हवं. आयुष्य पाच ते आठ वर्षं.

‘‘म्हणजे जबाबदारी शिकेल,’’ आई म्हणाली. इथे मी अडून बसते. साडेपाच वर्षांच्या मुलीवर एका जिवाचं पोट सोपवू नये. ती कंटाळली, तर उपाशी कोण राहणार? प्राणी आईबाबांचा, मुलीने त्यात हातभार लावायचा. मी त्यांना तीन आठवडे रोज संध्याकाळची पंधरा मिनिटं पिंजऱ्याच्या नावाने राखून ठेवायला सांगितली, प्राणी न आणता. शिवाय गिनीपिग असलेल्या एखाद्या घरी दोनतीनदा जाऊन बसायचं, कुणाला शिंका किंवा पुरळ येतं का ते पाहायला.

पुढच्या भेटीत आईने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘नऊ दिवस चुकले.’’ मला त्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं. त्यांनी आणखी दोन महिने थांबायचं ठरवलं. रोजची साफसफाई बाबांनी अंगावर घेतली आणि मग दोन गिनीपिग माद्या घरी आल्या. मुलीचं काम एकच, मूठभर गवत घालणं. जमिनीवर बसायचं, मांडीवर टॉवेल घ्यायचा, प्राणी मोठ्यांनीच आणून ठेवायचा, नंतर हात साबणाने धुवायचे.

शेवटच्या भेटीत ती सांगत होती, ‘‘एक ऐकते सगळी गोष्ट. दुसरी मधेच पिंजऱ्यात पळते.’’

‘‘मग तू काय करतेस?’’

‘‘काही नाही. तिला झोप आली असेल.’’