लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे बागवालाच ना? सांगलीत यावर घर चालतं का?

तुमची मुलगी बी.आर्कच्या चौथ्या वर्षाला आहे, पुढं लँडस्केप करायचं म्हणते आणि तुम्हाला वाटतंय एवढं शिकून झाडंच लावायची का. घर चालतं हो, पण पहिली चार-पाच वर्षं नुसत्या लँडस्केपवर नाही. मी सांगलीत सुरुवातीला बंगल्यांचे प्लॅन, कंपाउंड वॉल, महापालिकेच्या फायली, सगळं केलं.

आता बागेचं. माझं पहिलं स्वतंत्र काम मिरज रोडच्या पुढं एका फार्महाऊसचं होतं, मालकाला हिरवंगार लॉन पाहिजे होतं, मी पण हौसेनं दिलं, आणि आठ महिन्यांत त्यावर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर आला. शेजारी सगळा ऊस, पाटपाण्यानं खालचं पाणी वर चढलेलं, उन्हानं पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात, हे शेतकऱ्याच्या पोराला पण माहीत असतं, मला पाच वर्षं कॉलेज करून माहीत नव्हतं. लॉन जळालं आणि ज्या हरळीला आपण शिव्या देत उपटतो ती मात्र मजेत वाढत होती! शेवटचा हप्ता मिळाला नाही, आणि चूक माझीच, मागणार तरी कोणत्या तोंडानं. नंतर चर खणून सच्छिद्र पाईप टाकले, पाणी नाल्याला काढून दिलं, करंज आणि कडुनिंब लावले. तेव्हा कळलं की आपलं काम आधी पाण्याचं आणि लेव्हलचं आहे, झाड सगळ्यात शेवटी येतं.

आठवड्यातून दोन दिवस मी एका कॉलेजात व्हिजिटिंगला जातो, पैशात पेट्रोल निघतं एवढंच समजा. पण पोरं असले प्रश्न विचारतात की आपलंच डिझाइन परत तपासावं लागतं. त्यांना पहिल्या दिवशी स्केच करायला देत नाही, कृष्णाकाठी नेतो. आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोका पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, मग गावभागातल्या भिंतींवरचे पुराचे डाग शोधायचे आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं लेव्हल काढत घाटापर्यंत यायचं. पोरं वैतागतात, पण नंतर नदीकाठी प्लॅनमध्ये बाक काढताना हात थांबतो त्यांचा.

मास्टर्स दोन वर्षांचं, अहमदाबादला सेप्ट, दिल्लीला एसपीए, पुण्यात मुलींसाठी बीएनसीए, अशी कॉलेजं आहेत. पण लगेच पाठवू नका, आधी वर्षभर एखाद्या ऑफिसात साइटवर राबू दे. आणि नर्सरीवाल्याशी भांडायला शिकू दे तिला, बारा फुटी झाड म्हणून सात फुटी उतरवतात आणि वर म्हणतात, मॅडम पिशवीसकट मोजा की.