मजकुरातले आकडे वेचताना

प्रश्न : पायथनमध्ये मजकुरातले सगळे आकडे काढायला [0-9]+ हा पॅटर्न (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे काय शोधायचं ते सांगणारा नमुना) वापरतो. पण 41.25 चे 41 आणि 25 असे दोन तुकडे होतात, 1,25,000 चे तीन, आणि उणे चिन्ह गळूनच पडतं. काय चुकतंय?

उत्तर : हा पॅटर्न फक्त सलग आलेले अंक ओळखतो. डॉट, स्वल्पविराम, हायफन आला की त्याच्या दृष्टीने संख्या संपली. तुमच्या कामाला हा पॅटर्न पुरेल:

(?<![0-9])-?[0-9]+(?:,[0-9]+)*(?:\.[0-9]+)?

शेवटचा कंस दशांश भागासाठी आहे. डॉटच्या आधी बॅकस्लॅश हवाच. नुसता डॉट म्हणजे ‘कुठलंही एक चिन्ह’. डॉटनंतर किमान एक अंक सक्तीचा ठेवल्यामुळे वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम आकड्याला चिकटत नाही. स्वल्पविरामाचंही तसंच. बरेच जण [0-9,]+ लिहितात आणि मग ‘12,’ असा शेपटीसकट आकडा हातात येतो. सुरुवातीचा भाग सांगतो की जुळणीच्या लगेच आधी अंक नसावा. तो गाळला तर 2019-2024 मधून 2019 आणि उणे 2024 मिळतात!

आता खरा सापळा. कंसातलं प्रश्नचिन्ह आणि कोलन (?: काढून नुसता कंस ठेवलात, तर फाइंडऑल (findall, सगळ्या जुळण्यांची यादी देणारं फंक्शन) पूर्ण जुळणी न देता फक्त कंसात सापडलेला भाग परत करतं. -?[0-9]+(\.[0-9]+)? हा पॅटर्न 41.25 वर चालवा, ‘.25’ मिळेल, 41 वर चालवा, रिकामी स्ट्रिंग (म्हणजे रिकामा मजकूर) मिळेल. पॅटर्न बरोबर असूनही निकाल चुकीचा दिसतो, त्यामुळे माणसं भलतीकडेच चूक शोधत बसतात. साधे कंस हवेच असतील तर फाइंडइटर (finditer, एकेक जुळणी देणारं फंक्शन) वापरा आणि प्रत्येक जुळणीचा ग्रुप शून्य, म्हणजे पूर्ण जुळणी, घ्या.

संख्येत रूपांतर करण्याआधी स्वल्पविराम काढून टाका, नाहीतर फ्लोट (float, मजकुराची दशांश संख्या करणारं फंक्शन) एरर देईल. मात्र 3,5,7 अशी जागा न सोडता लिहिलेली यादी आणि हजारांचे स्वल्पविराम यांतला फरक या पॅटर्नला कळत नाही. तिथे 357 तयार होईल. मजकुरात अशा याद्या असतील तर स्वल्पविरामाचा गट काढूनच टाका. वेब पानावरून किंवा पीडीएफमधून आलेल्या मजकुरात उणे चिन्ह कधीकधी हायफन नसतं, तसंच दिसणारं वेगळं कॅरेक्टर असतं. ते आधी हायफनने बदलून घ्या.

प्रश्न : मराठी मजकुरात ‘2024मध्ये’ मधला आकडा सापडत नाही, ‘2024 मध्ये’ मधला सापडतो. पॅटर्नच्या दोन्ही टोकांना बॅकस्लॅश-बी (\b, शब्दाची सीमा ओळखणारं चिन्ह) दिलं आहे.

उत्तर : बॅकस्लॅश-बी काढून टाका. शब्दात मोडणारं आणि न मोडणारं कॅरेक्टर शेजारी आले की तिथे त्याला सीमा दिसते. पायथनच्या लेखी 4 आणि ‘म’ दोन्ही शब्दातलेच, म्हणून मध्ये सीमा नाही. गंमत म्हणजे ‘किलो5’ मध्ये 5 च्या आधी त्याला सीमा सापडते, कारण तिथे शेजारी ओकाराची मात्रा आहे आणि पायथन मात्रेला अक्षर मानत नाही. मराठीत प्रत्यय आकड्याला जोडूनच लिहिले जातात, तेव्हा या सीमेवर विसंबू नये. आजूबाजूला अंक नसावा एवढीच अट घाला: (?<![0-9])[0-9]+(?![0-9])

प्रश्न : ‘१२५’ सारखे देवनागरी अंक पकडता येतात का?

उत्तर : येतात. चौकोनी कंसात [0-9०-९] लिहा. पायथन 3 मध्ये साध्या स्ट्रिंगवर बॅकस्लॅश-डी (\d, कुठलाही एक अंक) सुद्धा देवनागरी अंक पकडतं, आणि इंट (int, मजकुराची पूर्ण संख्या करणारं फंक्शन) ‘१२५’ चे थेट 125 करतं. जावास्क्रिप्टमध्ये या शेवटच्या दोन गोष्टी होत नाहीत: बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त 0 ते 9, आणि नंबर फंक्शनला ‘१२५’ दिलं तर ‘संख्या नाही’ असं उत्तर येतं. तिथे प्रत्येक अंकाच्या कोड पॉइंटमधून (युनिकोडमधला त्या चिन्हाचा क्रमांक) 2406 वजा करा, म्हणजे 0 ते 9 मिळतील.

प्रश्न : 00417 सारख्या कोडमधली शून्यं जातात.

उत्तर : इंटमुळे जातात. कोड ही मोजायची संख्या नाही, ती स्ट्रिंग म्हणूनच साठवा.