आयव्हीएफमध्ये लेझर असिस्टेड हॅचिंग केल्याने गर्भ राहण्याची शक्यता खरंच वाढते का?

सरसकट सगळ्यांसाठी, नाही. गर्भाभोवतीचं झोना हे कवच साधारण 15 ते 20 मायक्रॉन जाड असतं. गर्भ पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ते फोडून बाहेर येतो, मग गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. हॅचिंगमध्ये ट्रान्सफरआधी, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी, लेझरने या कवचाला भोक पाडतात किंवा ते एका बाजूला पातळ करतात. पूर्वी आम्ल वापरत, पण त्याचा पेशींना त्रास व्हायचा. लेझरचा नेमही पेशींपासून दूर, मोकळ्या जागेवरच लागतो, नाहीतर उष्णतेने पेशी मरतात. भोक अरुंद राहिलं तर गर्भ त्यात अडकून दुभंगू शकतो आणि एकसारखी जुळी राहू शकतात. ही जोखीम लहान आहे, पण खरी आहे.

क्लिनिकल प्रेग्नन्सी (सोनोग्राफीत दिसणारी गर्भधारणा) किंचित वाढल्याचं काही अभ्यासांत दिसतं, पण मूल घरी येण्याचं प्रमाण वाढतं असा भक्कम पुरावा नाही. म्हणून अमेरिकेतली एएसआरएम ही वंध्यत्व-उपचार तज्ज्ञांची संस्था ते सर्रास करू नका असंच सांगते. वय जास्त, आयव्हीएफच्या आधीच्या सायकल फसलेल्या, फ्रोजन गर्भ, कवच जाड अशा वेळी डॉक्टर सुचवतात. तिथेही पुरावा अपुराच आहे. गर्भाची गुणसूत्रं तपासायला बायोप्सी करायची, म्हणजे त्याच्या काही पेशी काढायच्या, असेल तर मात्र भोक पाडावंच लागतं, तो भाग वेगळा. डॉक्टरांना थेट विचारा: माझ्याच बाबतीत का?