पावसाचा अंदाज असताना एकट्याने गाडी काढावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवड्याभराची सुटी आहे, ती संपली की सोमवारी कामावर हजर व्हायचंय, एकट्यानेच गाडी चालवत डोंगररांगा आणि त्यांच्या कुशीतले, यादी करून ठेवलेले तलाव बघायचे आहेत, रोज अडीचशे-तीनशे किलोमीटर आणि रोज नवा मुक्काम असं ठरलंय. आता मात्र अंदाज सगळा आठवडा पावसाचा दाखवतोय. तर बेत रद्द करावा का?

रद्द करू नका. पण रोज नवा मुक्काम हा भाग मात्र मोडीत काढा.

शेजारच्या सीटवरचा माणूस नुसता गप्पांना नसतो. तो नकाशा बघतो, वाफ धरलेली काच पुसतो, पुढच्या मुक्कामाला फोन लावतो, वळणावर पडलेला दगड तुमच्या आधी बघतो आणि डोळे मिटायला लागले की स्टिअरिंगवर बसतो. एकट्याने निघालं की यातलं प्रत्येक काम गाडी बाजूला लावून करावं लागतं. पावसात वेग कमी होतो तो वेगळाच. त्यामुळे नकाशा चार तास म्हणत असेल तर मी सहा धरतो, आणि अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं हे गृहीत धरून सकाळी निघायची वेळ ठरवतो. अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता या हिशेबात बसत नाही. दीडशे म्हणजे डोक्यावरून पाणी.

त्याऐवजी दोनच मुक्काम घ्या, दोन्ही तलावाकाठी, मध्ये एक खिंड. तिथून रोज रिकाम्या गाडीने फेरी मारायची. खिंड ओलांडायचा दिवस आधी पक्का करू नका, दोन-तीन दिवसांतला जो बरा निघेल तो घ्या. त्यासाठी राहण्याचं बुकिंग तारीख बदलता येईल असं करा, चार पैसे जास्त गेले तरी.

आता पावसाबद्दल. अंदाजातलं ढगाचं चित्र अख्ख्या जिल्ह्याला एकच असतं, डोंगरात पाऊस तसा पडत नाही. वाऱ्याच्या तोंडावरची बाजू झोडपून निघते, कारण हवा वर चढताना थंड होते आणि पाणी तिथेच टाकते. पलीकडे उतरताना ती गरम आणि कोरडी होत जाते. न्यूझीलंडमधल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून रस्त्याने सुमारे १२० किलोमीटरवर, त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला ‘ते आनाऊ’ नावाचं तलावाकाठचं गाव आहे, तिथे याच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तर हा फरक फारच थोड्या अंतरात दिसतो: सीथवेटला तीन हजारांच्या वर, आणि जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या केसविकला त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून अंदाज बघताना ‘पाऊस आहे का’ एवढ्यावर थांबू नका, वारा कुठून आहे तेही बघा. दोन मुक्कामांपैकी एक पर्जन्यछायेच्या बाजूला असला की वाईट दिवशी हाताशी काहीतरी उरतं. हवा उतरणीला लागली की कधीकधी वीस मिनिटांत वायपर बंद करावे लागतात, हे पहिल्यांदा अनुभवताना भारी वाटतं.

वेळेचंही तसंच. उन्हाळी ढगांचा गडगडाटी पाऊस असेल तर तो बहुधा दुपारनंतर, म्हणून खिंड सकाळी. पण पहाटे तलावावर आणि दरीत धुकं बसलेलं असतं (पाणी हवेपेक्षा उबदार असलं की वाफ निघतेच) आणि ते उठायला नऊ-दहा वाजतात. मी त्या वेळात गाडीला हात लावत नाही. निवांत आवरायचं, काठाने चालून यायचं, पलीकडचा किनारा दिसायला लागला की निघायचं. संततधार लागली असेल तर मात्र हे वेळापत्रक विसरा, तेव्हा सकाळ काय आणि दुपार काय.

गाडीत बाकी काही नसलं तरी टायर आणि वायपर चांगले हवेत. टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यासाठी ती फार कमी आहे. तीनच्या खाली गेले असतील तर या सहलीआधीच बदला. टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर कसा अवलंबून असतो, हे नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर चाचण्या घेऊन शोधलं होतं. त्या सूत्रात ३२ पीएसआय घातलं की साधारण ताशी ९४ किलोमीटर येतात, २० पीएसआय घातलं की ७४. म्हणजे हवा कमी तर धोका लवकर. हे आकडे ढोबळ आहेत, गुळगुळीत टायर आणि साचलेलं पाणी असेल तर त्याच्याही आधी स्टिअरिंग हलकं पडतं. तसं झालं तर ब्रेकला हात लावू नका (पायच लावायचा असतो, पण तोही नको), अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि पकड येऊ द्या. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी सोय) पावसात बंदच.

पाणी किती आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पुढच्या गाडीच्या चाकांचे पट्टे बघा. काळे पट्टे काही क्षण स्पष्ट राहत असतील तर थर पातळ आहे. पट्टे उमटता उमटता पुसले जात असतील तर पाणी जास्त आहे, वेग उतरवा. पुढे कोणी नसेल तर आरशात स्वतःचेच पट्टे दिसतात. आणि बऱ्याच दिवसांनी पडणाऱ्या पहिल्या सरीला सगळ्यात जपायचं, कारण साचलेलं तेल आणि धूळ त्या वेळी वर येते, नंतरच्या मुसळधार पावसात ती वाहून गेलेली असते.

काचेला आतून वाफ धरली की नवखे लोक एसी बंद करून हीटर लावतात आणि हवा आतल्या आत फिरती ठेवतात. उलटं करा: एसी चालू, तापमान गरम, हवा बाहेरून आत. एसी हवेतला दमटपणा काढतो. भिजलेलं जाकीट आणि बूट मागच्या सीटवर पसरले की तो दमटपणा परत येतो, त्यांची जागा बंद पिशवीत, डिकीत. वायपरचं रबर पैसे वाचवायची गोष्ट नाही. त्याला एक चीर पडली की नेमकी डोळ्यांच्या रेषेत एक ओली रेघ राहते, आणि समोरून दिवे आले की त्या रेघेत सगळा प्रकाश फुटतो. धुक्यात लो बीम. हाय बीम लावला की पांढरी भिंतच दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची सवय असेल तर ती सोडा, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय तेच कळत नाही.

उतारावर जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणाला दगा देतात. पाण्यातून गाडी गेली असेल तर पुढे दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून डिस्क सुकवायच्या.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याबद्दल मी हट्टी आहे. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडीचा ताबा घालवू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या तरंगायला लागतात, ६० मध्ये मोठी एसयूव्हीही वाहून जाते. खालचा रस्ता जागेवर आहे की खचलाय, हे गढूळ पाण्यातून कळतच नाही. दोघं असतात तेव्हा एक उतरून बघतो तरी. तुम्ही एकटे आहात, तेव्हा वळा आणि परत जा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिन कायमचं जातं. तलावाची पातळी हळूहळू चढते, त्याची भीती नसते. भीती असते तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांची, ते तासाभरात भरतात आणि काठाचा रस्ता त्यांच्याच मोऱ्यांवरून जातो. धरणाचा तलाव असेल तर खालच्या बाजूच्या नदीपात्रात गाडी नेऊ नका, कितीही कोरडं दिसलं तरी. वर पाणी सोडलं की खाली वेळ मिळत नाही.

दरडीच्या खुणा डोळ्यांनी टिपता येतात: रस्त्यावर मुठीएवढे ताजे दगड, कड्यावरून नव्याने आलेली मातीची धार, वाकलेली झाडं, नितळ ओहोळ अचानक गढूळ होणं. ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर ते सगळ्यात वाईट, वर कुठेतरी बांध पडलाय आणि तो फुटणार आहे. कापलेल्या डोंगराखाली फोटोसाठीही थांबायचं नाही. पाऊस उघडल्यावरही काही तास, कधी दिवसभरही, दरडी येत राहतात, कारण मुरलेलं पाणी मातीच्या कणांमधली पकड सैल करत असतं. ऊन पडलं म्हणजे डोंगर सुकला असं नाही.

झोपेचं लोक हसण्यावारी नेतात. वायपरचा ठेका, राखाडी उजेड आणि गरम हवा, त्यात बोलायला कोणी नाही, दुपारी दोन ते चार या वेळात डोळे जड होणारच. काच उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. सुरक्षित जागा बघून गाडी लावा, कॉफी प्या, पंधरा-वीस मिनिटं झोपा. उठेपर्यंत कॉफी लागू झालेली असते.

घरच्या एका माणसाकडे रोजचा मार्ग आणि ‘इतक्या वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर अमुक ठिकाणी फोन कर’ एवढं लिहून ठेवा. डोंगरात रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या, आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. हेडलॅम्प, पॉवर बँक, कोरडे कपडे, घोंगडी, पाणी हे सगळं ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं ठेवा, डिकीत नाही.

एवढं वाचून उत्साह मावळला असेल तर सांगतो, असे भाग पावसातच बघावेत. एरवी नसलेले धबधबे कड्याकड्यावरून सुटतात. तलावात प्रतिबिंब हवं असेल तर सर थांबल्यावरची पहिली दहा मिनिटं पकडा, वारा पडलेला असतो आणि ढगांचे पट्टे अर्ध्या डोंगरावर अडकलेले असतात. कॅमेऱ्याला पोलरायझर लावा, ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग वर येतो. मीही याच दहा मिनिटांसाठी जातो, बाकी सगळा दिवस त्यांची वाट बघण्यात गेला तरी चालतं.

आखणी करताना आणखी एक बघा. तुमच्या यादीतला शेवटचा तलाव नकाशावर दरीच्या टोकाला दिसतोय, आत जायला आणि बाहेर यायला एकच रस्ता. तो शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. दरड आली तर रस्ता मोकळा व्हायला एक दिवस लागतो की चार, ते कोणी सांगू शकत नाही, आणि तुम्हाला तर सोमवारी कामावर हजर व्हायचंय. तो पहिल्या दोन दिवसांत उरका. त्या दरीसाठी सर्वात वरच्या पातळीचा इशारा लागू असेल तर तेवढाच भाग गाळा, बाकीची सहल चालू ठेवा.