चुकीच्या ड्रायव्हरने मदरबोर्ड जळतो का?

ग्राफिक्सचा चुकीचा ड्रायव्हर (म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकल्यामुळे मदरबोर्ड (संगणकातला मुख्य बोर्ड) जळला, असे सांगून दुकानदाराने वॉरंटी नाकारली, हे खरे असू शकते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही थाप आहे. नौपाड्यातल्या एका दुकानाच्या काउंटरवर हेच वाक्य मी स्वतः ऐकून घेतलेले असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

संगणक कोपरखैरण्याच्या माझ्या भाच्याचा. नव्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर त्याने कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला आणि त्या दिवसापासून गेम सुरू केला की संगणक फटकन बंद पडू लागला. दुकानदाराने कॅबिनेट उघडण्याचेही कष्ट न घेता ‘पोराने काहीतरी टाकलंय, बोर्ड गेला’ असे निदान केले आणि पावतीवर ‘सॉफ्टवेअर फॉल्ट’ असा शेरा मारून दिला. घरी येऊन मी एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या तारेला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. तिथे १२ व्होल्ट हवेत. पाच टक्के कमीजास्त चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. गेम सुरू होताच आकडा ११ च्याही खाली घसरला आणि पडदा काळा झाला. मूळ ड्रायव्हर नसताना विंडोज साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर काम भागवते, त्यामुळे कार्डावर फारसा भारच येत नाही. ड्रायव्हर आल्यावर कार्ड पूर्ण ताकदीने चालते आणि वीजही तेवढीच ओढते, जी कॅबिनेटबरोबर गळ्यात मारलेल्या त्या बिननावाच्या एसएमपीएसला झेपत नव्हती. मित्राचा चांगला एसएमपीएस लावताच त्याच ड्रायव्हरवर, त्याच ‘गेलेल्या’ बोर्डावर गेम रात्री उशिरापर्यंत चालला. हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, ‘ड्रायव्हर टाकायच्या आधी चालत होता ना?’ एसएमपीएस तर त्याने बदलून दिलाच नाही, कारण पावतीवर तो कॅबिनेटबरोबर मोफत दाखवलेला होता.

सॉफ्टवेअरमुळे हार्डवेअर कधीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या संगणक-विषाणूने अनेक संगणकांच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप पुसून टाकली होती. २००३ मध्ये मॅन्ड्रेक लिनक्स ९.२ या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एका आज्ञेने एलजीचे काही सीडी ड्राइव्ह निकामी झाले. मार्च २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे पंख्याचा वेग नीट वाढत नव्हता आणि कार्डे तापत होती. ही उदाहरणे वर्षानुवर्षे सांगितली जातात, ती विरळ असल्यामुळेच. एरवी आजचा प्रोसेसर अति तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. चुकीचा ड्रायव्हर बहुधा विंडोजचा चुकीची सूचना देणारा निळा पडदा दाखवून थांबतो.

म्हणून दुकानदाराकडून लेखी मागा: बोर्डावरचा नेमका कोणता भाग गेला आणि तो कशाने मोजून पाहिला. पुढच्या खरेदीत एसएमपीएसचे नाव, वॅट आणि सिरियल नंबर पावतीवर स्वतंत्र लिहून घ्या.

एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती: ड्रायव्हरबरोबर आपण बायोसही अपडेट केला होता का? ते चालू असताना वीज गेली असेल, तर बोर्ड खरोखरच सुरू होणार नाही. तरीही त्याला जळणे म्हणत नाहीत. बहुतेक वेळा बायोसची ती चिप प्रोग्रामर नावाचे उपकरण लावून पुन्हा लिहिता येते.